प्रस्थानातला अडकित्ता

सन एकोणीसशे सदतीसचा उन्हाळा. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पसरलेल्या लष्कर नावाच्या शहरात, जयेंद्रगंजात, रणनवरे सरदारांचं घर होतं आणि त्या घराच्या दिवाणखान्यात पॅरिस शहर वसलं होतं. हसू नका, खरंच वसलं होतं. सतरंज्या गुंडाळून भिंतीशी लावल्या होत्या आणि उघड्या फरशीवर मानसिंगरावांनी आख्खं शहर मांडलं होतं. निळा फेटा सोडून दारापासून खिडकीपर्यंत वळणावळणानं पसरला होता, ती सेन नदी. जेवणाचे पाट एकावर एक रचले होते, तो लूव्रचा राजवाडा. लोणच्याच्या दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या, की नोत्र दामचं देऊळ झालं. आणि या सगळ्यावर नजर ठेवून खिडकीपाशी उभी होती घरातली सगळ्यांत उंच पितळी समई. तो आयफेल मनोरा.

मानसिंगराव होते पस्तिशीचे, पण पॅरिसचं नाव निघालं की दहा वर्षांचे व्हायचे. तिथं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि रणनवरे कुटुंब ते बघायला जाणार होतं. दरबारची परवानगी झाली, पासपोर्ट झाले, बोटीची चार तिकिटं आली. एक मानसिंगरावांचं, एक त्यांचे वडील जयसिंहराव ऊर्फ आबासाहेबांचं, एक बारा वर्षांच्या विजयाचं आणि एक तिच्या आईचं, सुलोचनाबाईंचं. मग काय विचारता! मानसिंगरावांनी घर डोक्यावर घेतलं. भर दुपारी बाहेर लूचा भाजणारा वारा वाहत असताना हे बूट घालून दिवाणखान्यात उभे.

"चला, चला! आज लूव्र ते मनोरा, पायी! नदी डाव्या हाताला ठेवायची. विजये, नदीवर पाय देऊ नकोस, बुडशील!"

"बाबा, मैं तो सबसे ऊपर तक जाऊंगी, हां!"

"मराठीत बोल ग, सरदाराची लेक ना तू?"

"बरं. सबसे वरपर्यंत जाईन."

सुलोचनाबाई दाराशी उभ्या राहून हे बघत आणि पदराआड हसत. पण नुसत्या हसत नव्हत्या बरं का. दिवाणखाना रिकामा झाला, की त्या हळूच आत यायच्या आणि अनवाणी पायांनी पॅरिस फिरायच्या. बरण्यांपासून निघायचं, फेट्याच्या कडेकडेनं चालायचं, पाटांना वळसा घालायचा आणि समईपाशी थांबून वर बघायचं. पंधरवड्यात त्यांना पॅरिस तोंडपाठ झालं. डोळे बांधून सोडलं असतं, तरी त्या चुकल्या नसत्या.

आणि गंमत बघा, लष्कर मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. लग्न होऊन त्या या घरात आल्याला तेरा वर्षं झाली होती. सरदारघराण्यातला पडदा कडक. माधवगंजात नात्यातल्या दिनकररावांकडे हळदीकुंकवाला जायचं, तेही पडदे ओढलेल्या मोटारीतून. म्हणून शहर त्यांना वासानं आणि आवाजानं माहीत. खळीचा वास आला की टोपी बाजार. तुपात काही तळल्याचा वास आला की सराफ्याचं वळण. मग एका देवळाची घंटा, चांगली खणखणीत. ती ऐकू आली की माधवगंज आलं. केवढं मोठं देऊळ असेल ते, असं त्या तेरा वर्षं मनाशी म्हणत आल्या होत्या. म्हणून पॅरिसला त्यांना जायचंच होतं. मनोरा तर बघायचाच होता, पण एखादा रस्ता, कुठलाही रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत उघड्या डोळ्यांनी बघायचा होता. ही गोष्ट त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. बोलून दाखवायची लाज वाटायची.

आता सरदारांची सून पॅरिसात जाणार म्हटल्यावर पडद्याचं काय? हा प्रश्न आबासाहेबांनी काढला.

"कनाती नेऊ," मानसिंगराव लगेच म्हणाले. "आपल्याकडे आहेतच की. हॉटेलातून मोटारीपर्यंत कनात, मोटारीतून मनोऱ्यापर्यंत कनात. एकदम बढिया!"

"आणि मनोऱ्यावर?"

"वरही कनात."

"वारा असतो म्हणे वर."

"दोर बांधू."

कनाती बोटीवर चढवायच्या, चार माणसांनी चार कोपरे धरायचे, कुणी कुठं उभं राहायचं, सगळं ठरलं. म्हणजे पॅरिसच्या भर रस्त्यावरून एक तंबू चालत जाणार आणि तंबूच्या आत आमच्या सुलोचनाबाई! पण त्या वेळी कुणालाही यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. उलट रंगीत तालीम करायची ठरली.

तालमीला कनातींऐवजी पलंगपोस घेतले. दोन कोपरे घरातल्या बायकांनी धरले, तिसरा विजयानं, आणि चौथा संभाजीरावांनी. संभाजीराव हे मानसिंगरावांचे चुलतभाऊ. जेवणाच्या वेळी नेमके येत आणि जेवण झाल्यावर जायचं विसरत. तर पलंगपोसांच्या आत सुलोचनाबाई आणि बाहेर पॅरिस, अशी ती यात्रा बरण्यांपासून निघाली. आत त्यांना काय दिसणार? चारी बाजूंना पलंगपोसांवरची छापील फुलं, आणि खाली संभाजीरावांचे पाय. नदी आली ती कळली नाही, राजवाडा गेला तो कळला नाही. एवढं पाठ केलेलं शहर, त्यातलं काहीसुद्धा दिसेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भज्यांचा वास आला, संभाजीरावांनी तिकडं मान वळवली, पलंगपोसात पाय अडकला आणि धडाड्! आयफेल मनोरा आडवा. समईतलं सगळं तेल सेन नदीत. त्या तेलावरून घसरून संभाजीराव सरळ लूव्रवर.

विजया हसून हसून लोळायला लागली. बायका तोंडात पदर कोंबून पळाल्या. आबासाहेब मात्र आरामखुर्चीतून उठले.

"बस झालं. परक्या मुलखात असली शोभा नको. विजया लहान आहे, ती येईल. सूनबाई घरी राहतील. त्यांच्या तिकिटावर संभाजी येईल. मुंबईला कंपनीच्या कचेरीत नाव बदलून घ्या."

आता सांगा! मनोरा पाडला कुणी आणि पॅरिस कुणाचं गेलं? मानसिंगरावांनी तोंड उघडलं, वडिलांकडे पाहिलं आणि मिटलं. वाईट नव्हता हो माणूस, पण वडिलांपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. संभाजीरावांचा पासपोर्ट पूर्वी कुठल्याशा पोलोवाल्यांबरोबर जायचं ठरलं तेव्हाचा पडून होता. ते तेलकट धोतरानिशी उठले ते आभाळ ठेंगणं झाल्यागत नाचतच जेवायला बसले.

सुलोचनाबाई आत गेल्या आणि आबासाहेबांची सुपारी कातरायला बसल्या. सासूबाई गेल्यापासून ते काम त्यांचंच होतं. माहेरून आणलेला पितळी अडकित्ता होता त्यांच्याकडे, मोराच्या आकाराचा. त्यानं त्या कागदासारखी पातळ सुपारी कातरत. आबासाहेबांच्या दाढा हलत होत्या, त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातची सुपारी चालायची नाही. त्या दिवशी सुपारी जरा ओली झाली. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना.

जायचा दिवस ठरला रविवार. तेव्हा जोशीबुवांना बोलावणं गेलं. सुलोचनाबाई आतल्या दाराच्या पडद्याआड सुपारी कातरत बसल्या होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. जोशीबुवांनी विजयाचा शाळेतला पृथ्वीचा गोल मांडीवर घेतला आणि बराच वेळ फिरवला.

"पॅरिस वायव्येला दिसतंय."

"पण आगगाडी मुंबईला जाते, म्हणजे दक्षिणेला," मानसिंगराव म्हणाले.

"आणि स्टेशन पूर्वेला," संभाजीराव म्हणाले.

"म्हणजे निघायचं पूर्वेला, वळायचं दक्षिणेला आणि पोचायचं वायव्येला?" आबासाहेब ओरडले. "अहो, प्रवासाला निघालोय का चकवा लागलाय? बोट कुठं जाते मुंबईहून?"

"पश्चिमेला."

"मग पश्चिम धरा."

जोशीबुवांनी पश्चिम धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. रविवारी पश्चिमेला दिशाशूल. निघणं अशुभ. पण बोट थोडीच कुणाच्या पंचांगावर चालते? तेव्हा उपाय एकच, प्रस्थान ठेवायचं. बुधवारी मुहूर्त चांगला होता. त्या मुहूर्तावर ज्याला जायचंय त्याची वस्तू गाठोड्यात बांधून पश्चिमेच्या बाजूला, कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस बुधवारीच निघाल्यासारखा झाला. मग रविवारी जाताना ती वस्तू उचलायची आणि पुढं जायचं. दिनकररावांचं माधवगंजातलं घर त्या बाजूलाच होतं.

"आपण मराठे, तेव्हा वस्तू म्हणजे शस्त्र हवं," जोशीबुवा म्हणाले. "ठेवताना मनात म्हणायचं, मी निघालो. आणि एक लक्षात ठेवा. गेलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. ज्याचं शस्त्र गेलं तो गेलाच पाहिजे. त्याला मागं ठेवलं तर सगळ्यांचाच प्रवास नासतो. प्रस्थान ठेवल्यापासून गाडी सुटेपर्यंत पथ्यही आहे. दाढी नाही, दूध नाही, दुधाचा कुठला पदार्थ नाही, आणि रागवायचं तर मुळीच नाही. पथ्य मोडलं त्याचं प्रस्थान फुकट गेलं, त्यानं घरीच बसावं."

"माझं शस्त्र कुठाय?" विजयानं विचारलं. "मेरे पास तो सिर्फ पेन्सिलीचा चाकू आहे."

आबासाहेब हसले, पण जोशीबुवांनी मान डोलावली. "चालतो. ज्याला धार आहे ते शस्त्र."

पडद्याआड सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबला.

बुधवारी सकाळी देवापुढं शेला पसरला. आबासाहेबांनी कट्यार ठेवली, मानसिंगरावांनी बिचवा, संभाजीरावांनी कसलासा गंजका खंजीर, विजयानं चाकू. हळकुंड, सुपारी, अक्षता झाल्या.

"गाठ सवाष्णीनं मारायची," जोशीबुवा म्हणाले आणि पुरुषमंडळी बाहेर गेली.

सुलोचनाबाई पुढं झाल्या. त्यांनी शस्त्रांना कुंकू लावलं, कमरेचा अडकित्ता काढला, त्यालाही लावलं आणि खंजिराखाली सारला. डोळे मिटून मनात म्हणाल्या, मी निघाले. मग शेल्याला अशा करकचून गाठी मारल्या की त्या सोडवायला दोन माणसं लागावीत. कान्होजी ड्रायव्हर गाठोडं घेऊन माधवगंजाला गेला, आणि सुलोचनाबाईंना एकदम इतकं हसू फुटलं की त्या देवघराचं दार लावून पोटभर हसल्या.

दुपारी जेवण झालं आणि आबासाहेबांनी हाक मारली, "सूनबाई, सुपारी!"

"अडकित्ता जागेवर नाही, आबासाहेब."

खोटं नव्हतं काही. नव्हताच जागेवर. शेजारून दुसरा अडकित्ता आणला. त्यानं जाड खांडं पडली, आबासाहेबांची दाढ कळवळली. आबासाहेबांचा चेहरा लाल झाला, मिशी हलली, हात काठीकडे गेला आणि तिथंच थांबला. रागवायचं नव्हतं ना! "असू दे," ते दातओठ दाबून म्हणाले. "सापडेल." गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. जन्मात कधी कुणाला गोड बोलले नव्हते, तो माणूस सुपारीवाचून तडफडत नोकरांना "बाळा, जरा बघ रे" म्हणत होता. नोकरांचं धाबं दणाणलं. आबासाहेब आजारी आहेत की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

सुलोचनाबाईही पथ्य पाळत होत्या. चहा कोरा, ताक नाही. आणि राग? संभाजीराव समोर बसून सांगत, "वहिनीसाहेब, मनोऱ्यावरून तुमच्यासाठी रुमाल हलवीन हं," तरी त्या गोड हसायच्या. शनिवारी बाजारातून रबडीची हंडी आली. संभाजीरावांनी वाटी पुढं केली.

"भावजी, चालेल ना?" सुलोचनाबाईंनी विचारलं. "जोशीबुवा म्हणाले होते..."

"अहो, जोशीबुवा काय हंडीत बसलेत? वाढा!"

घरची सून ती. पाहुण्याला नाही कसं म्हणणार? वाढली. पुन्हा वाटी आली, पुन्हा वाढली. विजया शेजारी बसून कोरडी पोळी चावत काकांकडे टकमका बघत होती.

त्याच दुपारी सुलोचनाबाईंनी विजयाच्या पेटीच्या तळाशी आपली चंदेरी लुगडी घातली. नाही जमलं, तर लुगडी तरी पॅरिस बघून येतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उद्या काय होणार? आबासाहेब काय म्हणणार? चार माणसांत अब्रू जाणार की काय?

रविवारी सगळे माधवगंजात दिनकररावांकडे पोचले. सुलोचनाबाई ओवाळायला म्हणून आल्या होत्या. ओवाळून झालं की मोटार त्यांना घरी नेऊन सोडणार होती. त्या आतल्या खोलीत, दाराच्या पडद्यामागं बसल्या. बाहेर गाठी सुटता सुटेनात. शेवटी सुटल्या. जोशीबुवा एकेकाचं शस्त्र हातात देऊ लागले. कट्यार. बिचवा. चाकू. खंजीर. आणि मग त्यांच्या हातात मोर आला.

"माझा अडकित्ता!" आबासाहेब जवळजवळ उडालेच. मग त्यांच्या ध्यानात आलं. आधी चेहरा लाल झाला, मग जांभळा.

"आबासाहेब, राग वर्ज्य," जोशीबुवा घाईघाईनं म्हणाले. "गाडी सुटेपर्यंत."

आबासाहेब मटकन खाली बसले. "कुणी ठेवला हा?"

"मी." पडद्याआडून आवाज आला. तेरा वर्षांत सासऱ्यांपुढं चार माणसांत सुलोचनाबाईंनी शब्द काढला नव्हता. "ते माझं शस्त्र आहे. जोशीबुवाच म्हणाले होते, धार आहे ते शस्त्र."

"म्हणालो होतो खरं," जोशीबुवा पुटपुटले. मग त्यांच्यातला शास्त्री जागा झाला. "बाईसाहेब, मनात 'मी निघाले' म्हटलंत?"

"म्हटलं."

"पथ्य?"

"बुधवारपासून दुधाचा थेंब नाही. आणि रागावले नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "कारणं पुष्कळ होती."

"मग प्रस्थान झालंय, आबासाहेब. यांना मागं ठेवता येत नाही."

"तिकीट अजून यांच्याच नावावर आहे!" मानसिंगराव एवढ्या मोठ्यानं बोलले की स्वतःच दचकले.

"आणि मी?" संभाजीराव पुढं आले. "माझंही शस्त्र गेलंय. मलाही मागं ठेवता येत नाही."

"काकांनी रबडी खाल्ली!" विजया किंचाळली. "कल! पूरी हंडी चाट गए!"

"वहिनींनीच वाढली!"

"मी विचारलं होतं, भावजी," पडद्याआडून आवाज आला. "चालेल ना, म्हणून."

दिनकरराव भिंतीकडे तोंड करून हसायला लागले. जोशीबुवांनी गंजका खंजीर संभाजीरावांच्या हातात परत ठेवला आणि दुःखानं मान हलवली. आता सगळे आबासाहेबांकडे बघत होते. ते अडकित्त्याकडे बघत होते.

त्यांनी तो पडद्याखालून आत सारला. "सूनबाई, आधी एक सुपारी कातरा. मग बोलू."

आतून कट कट आवाज आला. पडद्याखालून तबक बाहेर आलं. आबासाहेबांनी एक पातळ चकती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"जोशीबुवा," आबासाहेब डोळे न उघडता म्हणाले, "जिचं प्रस्थान झालं, ती घरात आहे म्हणायची का?"

"शास्त्राप्रमाणं नाही. ती निघालेलीच."

"म्हणजे बुधवारपासून या आमच्या घरात नाहीत. पडदा घराचा असतो. वाटेवरच्या माणसाला कसला पडदा?" त्यांनी डोळे उघडले. "आणि तिकडं मला सुपारी कोण कातरून देणार? तो मनोरा?"

मानसिंगरावांनी विजयाला उचलून गरकन फिरवलं. सुलोचनाबाई बाहेर आल्या, सासऱ्यांच्या पाया पडल्या, आणि उठताना हसत होत्या की रडत होत्या हे त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. कान्होजीनं मोटार दाराशी आणली आणि सवयीनं पडदे ओढायला लागला. आबासाहेब म्हणाले, "बांधून टाक ते वर."

मोटार निघाली. कोपऱ्यावर ती घंटा वाजली. सुलोचनाबाईंनी मान काढून पाहिलं. केवढं मोठं वाटायचं ते देऊळ! होतं एवढंसं, भिंतीतल्या कोनाड्याएवढं, शेंदूर फासलेला मारुती आणि त्याच्या डोक्यापेक्षा मोठी घंटा. त्या खुदकन हसल्या. मग सराफ्याच्या वळणावर कढईतून जिलबीसारख्या इमरत्या निघताना दिसल्या. टोपी बाजारात खळ दिलेल्या टोप्या दोऱ्यांवर ओळीनं वाळत होत्या, काळ्या, लाल, जरीच्या, आणि एक म्हातारा टोपी गुडघ्यावर चढवून तिला आकार देत होता. तेरा वर्षं या खळीचा वास घेतला होता, त्यामागं हे होतं तर!

"आई, सुन ना," विजयानं पदर खेचला, "बाबा म्हणतात पॅरिसमधली दुकानं याहून दसपट मोठी..."

"थांब ग जरा. आधी मला लष्कर बघू दे."

पुढच्या बैठकीवर आबासाहेब सुपारी चघळत होते. त्यांनी ते ऐकलं. हातातली काठी ड्रायव्हरच्या खांद्यावर टेकवली.

"कान्होजी, सावकाश घे."

"सरकार, गाडी चुकेल."

"प्रस्थान ठेवलंय. चुकत नाही," आबासाहेब म्हणाले.